गावचे पाणी, गायरान, झाडे आणि ओढा : ग्रामपंचायत नेमके काय करू शकते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे महाराष्ट्रातील ग्रामीण भागासाठी आहेत. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारे गावकरी यांच्या उपयोगाची माहिती इथे आहे. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात रुळलेले शब्दच आम्ही वापरले आहेत.

पर्यावरण हा ग्रामपंचायतीचा विषय आहे का? की ते वनखात्याचे आणि प्रदूषण मंडळाचे काम?

ग्रामपंचायतीचाही आहे. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली. तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत आणि त्यांत लघुपाटबंधारे व पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज, पिण्याचे पाणी, जळण आणि चारा हे सगळे येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 45 आणि ग्रामसूचीतही ही कामे नोंदलेली आहेत.

मात्र विषय आपला असला तरी प्रत्येक अधिकार आपला नसतो. वाळूचा दंड तहसीलदार करतात, कारखान्यावरची कारवाई प्रदूषण नियंत्रण मंडळ करते, राखीव जंगल वनखात्याकडे असते. ग्रामपंचायतीकडे तीन गोष्टी पक्क्या आहेत: गावाचा आराखडा, स्वतःच्या ताब्यातील जागा आणि ग्रामसभेचा ठराव. अनेक गावांची लढाई योग्य ठराव चुकीच्या कार्यालयात गेल्यामुळे हरते.

ठराव कसा लिहावा, म्हणजे तो फाइलमध्ये पडून राहणार नाही?

“गावातील पर्यावरणाचे रक्षण करण्यात यावे असे सर्वानुमते ठरले” या ठरावावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, कारण त्यात करण्यासारखे काहीच सांगितलेले नाही. ठरावात पाच गोष्टी हव्यात. जागा कोणती, ती गट नंबर आणि चतुःसीमेसह. अडचण काय, ती तारखांसह. मागणी काय, ती एका वाक्यात. कोणत्या कार्यालयाकडे, आणि कोणत्या कायद्याखाली. शेवटी सूचक-अनुमोदकांची नावे आणि उपस्थितीची नोंद. विरोध झाला असेल तर किती जणांनी विरोध केला तेही लिहा. “सर्वानुमते” असे खोटे लिहिलेला ठराव पुढे चौकशीत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

विषय सभेच्या सूचनेत आधी छापलेला असावा. ऐन वेळच्या विषयात घेतलेला मोठा ठराव आव्हान दिले की अडचणीत येतो. इतिवृत्त त्याच दिवशी वाचून सही करून घ्या. प्रत पाठवताना आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, कारण पुढचे प्रत्येक स्मरणपत्र त्याच क्रमांकावर उभे राहते.

कोरम भरत नाही, किंवा सरपंच सभाच बोलावत नाहीत. मग?

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. सूचना सात दिवस आधी लागते. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती, म्हणजे कोरम. ती न झाल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषय घेता येत नाही. पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणारे सरपंच ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 खाली अपात्र ठरू शकतात. त्यासाठी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.

ग्रामसभेच्या शब्दाला न्यायालयात खरोखर किंमत आहे का?

आहे. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथे वनहक्क कायद्याचा आणि अनुसूचित क्षेत्राचा आधार होता. असा आधार नसलेल्या गावात ठराव इतका निर्णायक ठरेलच असे नाही. तरी भक्कम पुरावा म्हणून तो चालतो.

पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय आणि तो गावात कसा मांडायचा?

गावात पडलेला पाऊस, त्यातले हाताशी राहिलेले पाणी आणि वर्षभराची गरज यांचा हिशेब म्हणजे ताळेबंद. तो ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्यावर आणि रब्बीची पेरणी ठरण्याआधी मांडायचा असतो. डिसेंबरात मांडलेल्या ताळेबंदाने काही बदलत नाही, पीक तोवर उगवलेले असते.

सूत्र सोपे आहे: एक हेक्टरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर, अर्थात 10,000 लीटर पाणी. 1000 हेक्टरच्या गावात 500 मिलीमीटर पाऊस झाला तर 500 कोटी लीटर पाणी पडले. हा आकडा ऐकून सभा खूश होते आणि तिथेच चूक होते. त्यातला मोठा भाग बाष्पीभवनात, मातीच्या ओलाव्यात आणि ओढ्याने वाहून जातो. आपल्या काळ्या कातळात पावसाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरते. म्हणजे 50 कोटी लीटर. त्यातलेही 70 टक्क्यांच्या आत उपसा ठेवणे सुरक्षित, म्हणून हाती धरा 35 कोटी. बंधाऱ्यात आणि तलावात साठलेले पाणी असेल तर ते वेगळे मोजून मिळवा.

आता खर्च. 2000 माणसांना रोज 55 लीटर दराने वर्षाला सुमारे 4 कोटी लीटर. 1000 मोठ्या जनावरांना रोज 50 लीटर धरले तर 1.8 कोटी. उरले सुमारे 29 कोटी. रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या, प्रत्येकी 60 मिलीमीटर, म्हणजे हेक्टरी 12 लाख लीटर. या पाण्यात 240 हेक्टर ज्वारी निघते. गव्हाला सहा पाळ्या, 36 लाख लीटर, 80 हेक्टर. पाटाने पाणी दिलेला ऊस वर्षाला हेक्टरी 2 कोटी लीटरच्या आसपास घेतो, म्हणजे जेमतेम 14 हेक्टर. एक हेक्टर ऊस आणि हजार माणसांचे वर्षाचे पिण्याचे पाणी हे जवळजवळ एकच माप आहे. हे वाक्य फळ्यावर लिहा. सभेत लांबलचक भाषणापेक्षा ते जास्त काम करते.

चुका कुठे होतात? पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घेतात, तो दहा-पंधरा किलोमीटरवर असतो आणि वळिवाचा पाऊस शिवार सोडून पडतो. ग्रामपंचायतीच्या छतावर साधा पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. दुसरी चूक: सातबाऱ्यावर न नोंदलेल्या बोअर हिशेबात येत नाहीत. तिसरी: विहिरींची पातळी कोणी मोजत नाही. माथ्यावरच्या, मधल्या आणि पायथ्याच्या मिळून सहा-सात विहिरी ठरवा आणि जानेवारी, मार्च, मे व पावसाळ्यानंतर अशी चार वेळा पातळी टेपने मोजा. आदल्या रात्रीपासून मोटार बंद असली तरच मोजमाप खरे.

तूट निघाली तर ग्रामपंचायत ऊस बंद करू शकते का?

एखाद्याच्या शेतात काय पिकवायचे हे ठरवण्याचा थेट अधिकार ग्रामपंचायतीला नाही. हिवरे बाजारने हे सामंजस्याने केले. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्या जोडीला शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळीसारखी पिके टाळण्याचा नियम स्वतःवर घातला, आणि दरवर्षी ताळेबंद मांडून पीक ठरवले. हे टिकले ते हिशेब सर्वांसमोर मांडला गेल्यामुळे आणि नियम बड्या बागायतदारालाही लागू राहिल्यामुळे. नियम फक्त लहान शेतकऱ्याला लागू होतो असे एकदा दिसले की तो दुसऱ्या वर्षी संपतो.

पिण्याच्या पाण्याच्या विहिरीशेजारी कोणी बोअर पाडत आहे. काय करावे?

गाडी उभी असतानाच हालचाल करा, बोअर झाल्यावर काम अवघड होते. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार 60 मीटरपेक्षा खोल बोअर शेती किंवा उद्योगासाठी घेण्यावरही बंधन आहे. तलाठ्यांकडून जागेचा पंचनामा करून घ्या, अंतर मोजून नकाशावर दाखवा, बोअरगाडीचा नंबर नोंदवा आणि त्याच दिवशी तहसीलदारांना अर्ज द्या. प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला द्या.

सार्वजनिक स्रोताची नोंदच नसेल तर 500 मीटर मोजणार कुठून? गावातील प्रत्येक नळयोजना विहीर, हातपंप आणि बोअर यांची गट नंबरसह यादी आजच ठरावाने मंजूर करून ठेवा.

पाणलोटाची कामे झाली, बंधारे बांधले, तरी विहिरींना पाणी नाही. का?

कामे उलट्या क्रमाने झाली हे सर्वात मोठे कारण. नियम माथा ते पायथा असा आहे: आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग ओघळींत अनगड दगडी बांध, मग माती नालाबांध, आणि शेवटी खाली सिमेंट बंधारा. सिमेंट बंधारा दिसतो, त्याचे उद्घाटन होते, म्हणून तो आधी बांधला जातो. वरून येणारी माती कोणी अडवलेली नसते, आणि थोड्याच पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

चरांचे उदाहरण घ्या. 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल चर दर मीटरला 180 लीटर पाणी धरतो, पण तो खरोखर समपातळीत असेल तरच. नजरेने आखलेला चर एका टोकाला उतरतो, पाणी तिकडे धावते, टोक फुटते आणि खाली नवीन ओघळ तयार होते. समपातळी दाखवणारा हायड्रोमार्कर किंवा लाकडी ए-फ्रेम घेऊन आखणी करा. चरातून निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि पहिल्या पावसाबरोबर त्यावर गवताचे बी व स्थानिक झाडांच्या बिया पेरा. मुळांनी धरले नाही तर भरावाची माती परत चरातच उतरते.

मातीबांध फुटतात ते बहुधा जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्यामुळे. सांडवा अरुंद किंवा भरावाच्या माथ्याच्या बरोबरीने ठेवला तर पाणी बांधावरून जाते, आणि मातीवरून पाणी गेले की बांध काही तासांत जातो. भरावावर मोठी झाडे वाढू देऊ नका, मुळे कुजली की त्याच वाटेने पाणी झिरपते. उंदरा-घुशींची बिळे दर मे महिन्यात बुजवा.

कोल्हापुरी बंधाऱ्याचा प्राण बर्ग्यांत, म्हणजे पाणी अडवायला बसवायच्या फळ्यांत आहे. ते पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून बसवायचे आणि मृगाआधी काढायचे. न काढल्यास पूर बाजूचा काठ कापतो आणि बंधारा कोरड्यात उभा राहतो. बर्गे कुठे ठेवले, किती आहेत, रबरी सील शाबूत आहे का, याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका.

वनराई बंधारा स्वस्त आणि चांगला, पण तो फक्त वाहत्या पाण्याचा वेग कमी झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या काठोकाठ न भरता थोड्या सैल ठेवा म्हणजे त्या एकमेकींत बसतात. विटांसारखे सांधे मोडून रचा आणि पाण्याच्या बाजूला चिकणमातीचा थर दाबा. पुढच्या पावसाआधी गोण्या काढून घेतल्याच पाहिजेत. नाहीतर ओढ्याचे भले करताना आपणच त्यात प्लॅस्टिक सोडतो.

नाला खोलीकरण चांगले की वाईट?

मर्यादेत चांगले. गाळ काढावा, मूळ तळ सोडून खाली कातळ फोडू नये, आणि एकूण खोली 3 मीटरच्या पुढे जाऊ नये. त्यापुढे गेल्यास शेजारच्या विहिरींतील पाणीच नाल्यात उतरते. नाला भरलेला दिसतो, विहिरी रिकाम्या होतात आणि उघड्या पाण्याचे बाष्पीभवन होते. काढलेली माती काठावर ढीग करून ठेवू नका, पहिल्या मोठ्या पावसात ती पुन्हा आत येते.

स्रोत वाचला, पण पाणी पिण्याजोगे आहे हे कसे पाहायचे?

टाकीतल्या 1000 लीटर पाण्याला साधारण 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर). 50,000 लीटरच्या टाकीला 250 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका, बादलीत कालवून वरची निवळी ओता. अर्ध्या तासाने शेवटच्या घरातील नळावर शिल्लक क्लोरीन दाखवणारी ओटी चाचणी घ्या, दर लीटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. टाकीजवळच्या नळावर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. टीसीएल उघड्या पोत्यात ओलसर खोलीत ठेवले तर त्याचा क्लोरीन उडून जातो आणि जलसुरक्षक महिनोन्‌महिने चुन्यासारखी पावडर टाकत राहतो. हवाबंद डबा, कोरडी जागा, जुना साठा आधी.

वर्षातून दोनदा होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात पाण्याचा धोका दाखवणारे लाल किंवा पिवळे कार्ड मिळाले असेल तर कारण विचारून घ्या. गळकी वाहिनी, स्रोताभोवती धुणे-भांडी, गाळ न काढलेली विहीर ही नेहमीची कारणे आहेत.

सांडपाण्याचे शोषखड्डे लवकर तुंबतात. का?

काळ्या मातीत खड्डा घेतला असेल तर तुंबणारच, ती पाणी सोडत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जा. चार फूट लांबी, रुंदी, खोली हे माप एका घराला पुरते. तळाला मोठे दगड, वर लहान, आणि खड्ड्याच्या आधी खरकटे-साबणाचा साका अडवणारी छोटी कुंडी हवीच. हीच कुंडी पैसे वाचवायला गाळली जाते आणि खड्डा वर्षात भरतो. मध्ये भोके पाडलेले सिमेंटचे नळकांडे ठेवण्याची नांदेडची पद्धत सोयीची आहे, साफ करता येते. विहिरीपासून किमान 15 मीटर दूर राहा. संडासाचे पाणी यात सोडू नका.

गायरानावर अतिक्रमण आहे. ग्रामपंचायत काढू शकते का?

रस्ते आणि ग्रामपंचायतीकडे निहित मोकळ्या जागा यांवरील अतिक्रमण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली ग्रामपंचायत काढू शकते. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाचा अधिकार महसूल खात्याकडे आहे, त्यामुळे सातबारा पाहूनच अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 मधील जगपाल सिंह निकालाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे निर्देश दिले आणि राज्य शासनाने 12 जुलै 2011 चा निर्णय काढला. पहिले पाऊल भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी आणि हद्दीचे दगड. मोजणीशिवाय सुरू झालेला वाद दोन घराण्यांचे भांडण बनतो.

मोकळे झालेले गायरान रिकामे ठेवू नका. आळीपाळीने भाग बंद करून चराई सोडा: एक भाग दोन पावसाळे बंद ठेवला की गवत सावरते. मेंढपाळ आणि भूमिहीन पशुपालक यांना विचारल्याशिवाय पूर्ण चराईबंदी करू नये. त्यांचा बोजा वाढतो आणि रात्री कुंपण मोडले जाते.

झाड तोडायला परवानगी कोणाची?

साग, चंदन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन यांसारखी अनुसूचित झाडे शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर असली तरी 1964 च्या झाडतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे ही परवानगी नव्हे. नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत 1975 चा वेगळा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे आणि त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष मानली जातात.

वाळूउपसा थांबत नाही.

अवैध उपशावर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होते, पण हे अधिकार महसूल अधिकाऱ्यांचे आहेत. ग्रामपंचायतीने पुरावा द्यावा: तारीख, वेळ, गट नंबर, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, वाहन क्रमांक. नळयोजनेच्या विहिरीवर झालेला परिणाम पातळीच्या नोंदींनी दाखवा, कारण नदीतील वाळूचा थर हाच त्या विहिरीचा साठा असतो. रात्री एकट्याने गाडी अडवायला जाऊ नका. यात माणसांचे जीव गेले आहेत.

आमच्या गावाला लागून जंगल आहे. त्यावर गावाचा हक्क मिळतो का?

वनहक्क कायदा, 2006 नुसार सामूहिक वनहक्क मिळतो, आणि त्यात वापराइतकेच राखण्याचे, व्यवस्थापनाचे अधिकार येतात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.

प्रक्रिया वनहक्क समितीपासून सुरू होते. ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. किमान दोन पुरावे लागतात: निस्तार नोंदी (जंगलातील गावाच्या वापराच्या हक्कांच्या जुन्या नोंदी), जुने नकाशे, ज्येष्ठांचे लेखी निवेदन, देवराई किंवा जुन्या पाणवठ्यासारख्या खुणा. दावे अडकतात ते बहुतेक हद्दीवर. शेजारच्या गावांना बोलावून हद्द एकत्र चाला आणि दोन्ही ग्रामसभांच्या सह्या घ्या.

हक्क मिळाला की काम संपले असे समजणारी गावे नंतर अडखळतात. व्यवस्थापन समिती, तोडीचे चक्र, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा आणि ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते हे पहिल्याच वर्षी हवे.

जैवविविधता नोंदवही कशासाठी?

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती बंधनकारक केली; गावातील वनस्पती-प्राण्यांची ही नोंदवही तीच ठेवते. व्यापारासाठी गावातून वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून ही समिती शुल्क आकारू शकते. नोंदवही शेजारच्या गावाची नक्कल असेल तर तिचा उपयोग शून्य. गुराखी, वैदू, मासेमारी करणारे, बियाणे राखणाऱ्या बायका यांच्याकडून स्थानिक नावे, जागा आणि हंगाम लिहून घ्या. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. इतक्या लहानशा जागेलाही संरक्षण मिळते, फक्त ती कुणीतरी आधी नोंदवावी लागते.

कारखान्याचे पाणी ओढ्यात येते. नमुना आम्ही बाटलीत भरला तर चालेल?

तक्रारीसाठी चालेल, खटल्यासाठी नाही. कायदेशीर नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो. म्हणून पाणी सोडतात ती वेळ आठवडाभर नोंदवा आणि त्याच वेळेची तपासणी उपप्रादेशिक अधिकाऱ्यांकडे मागा. कारवाई झाली नाही तर पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. तिथे अर्जाची मुदत साधारण सहा महिने असते, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे. स्मरणपत्रे लिहिण्यात ती मुदत निघून जाऊ देऊ नका.

पैसे कुठून आणायचे?

गावाच्या विकास आराखड्यात काम नसेल तर कुठूनच येत नाहीत. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील गावांना, आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. राज्य शासनाच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात चांगले काम केलेल्या गावांना बक्षिसे मिळतात. आमचा आग्रह एकच: नव्या बंधाऱ्याइतकीच दुरुस्तीची तरतूद दरवर्षी आराखड्यात लिहा.

मी मुंबईत राहतो, शेत गावी आहे. ग्रामसभेत मला मत आहे का?

ग्रामसभेचे सदस्यत्व जमिनीवर नाही, मतदार यादीवर ठरते. नाव गावच्या यादीत असेल तर तुम्ही सदस्य आहात आणि मत देऊ शकता. नाव शहरात असेल तर मत नाही, पण गावात जमीन असणारा म्हणून सरपंचांना लेखी निवेदन देता येते, आणि इतिवृत्ताची किंवा ताळेबंदाची प्रत माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीकडून मागवता येते. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे.